अडकित्त्याचे माहेर

जुन्या शब्दांविषयी लिहावयास बसले की आपल्याकडे बहुधा दोनच सूर लागतात. एक हळहळीचा : वाडे गेले, पानदाने गेली, आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. दुसरा अभिमानाचा : हा शब्द पाहा, किती जुना, किती शुद्ध, थेट संस्कृतातून उतरलेला! ‘अडकित्ता’ ह्या शब्दापुरते बोलावयाचे तर मला हे दोन्ही सूर खोटे वाटतात. हळहळ करावी इतका हा शब्द अद्याप मेलेला नाही. आणि अभिमान धरावा तर तो संस्कृतातून आलेलाच नाही. त्याचे माहेर निराळे आहे. ते कोणते, हे एकदा नीट पाहिले म्हणजे मराठी भाषेविषयीच्या आपल्या काही लाडक्या समजुतींना हादरा बसतो, आणि तो बसावा ह्यासाठीच हा लेख आहे.

व्युत्पत्तीच्या आखाड्यात मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराने उतरावे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. माझ्यापाशी पदवी नाही. परंतु मी दुधनीला राहतो. सोलापूरहून कलबुर्गीकडे, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याकडे, जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव, तालुका अक्कलकोट. येथील बाजारात तुरीचा भाव मराठीत सुरू होतो आणि कानडीत ठरतो. ग्रंथालयात बसून ज्या गोष्टी कष्टाने जमवाव्या लागतात, त्यांतील काही येथे आडत दुकानाच्या पायरीवर फुकट कानी पडतात. एवढेच माझे भांडवल. आणि ते कोठवर पुरते हे वाचकांनीच पाहावे.

प्रथम वस्तू पाहू. अडकित्त्याला दोन दांड्या असतात; त्या एका टोकाशी खिळ्याने जोडलेल्या. वरच्या दांडीला पाते, खालची नुसती आधाराची. सुपारी दोहोंच्या मध्ये धरावयाची आणि मोकळी टोके मुठीत दाबावयाची. विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा दुसरा प्रकार शिकविताना हेच उदाहरण देतात : टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला, आणि भार मध्ये. गंमत अशी की आजच्या मुलांना अडकित्ता भेटतो तो बहुतांशी ह्या पाठातच. आजोबांच्या चंचीतून तो निघून गेला आणि तरफेच्या आकृतीत जाऊन बसला.

एकदा वर्गात मी मुलांना विचारले, ह्याला अडकित्ता का म्हणत असावेत? एक मुलगी चटकन म्हणाली, “सुपारी त्यात अडकते म्हणून.” दुसरा एक हुशार मुलगा म्हणाला, “अड आणि कित्ता, असे दोन शब्द असतील.” ह्या दोन्ही उत्तरांचे मला कौतुक वाटले, कारण मोठमोठ्या माणसांच्या व्युत्पत्त्याही ह्याच जातीच्या असतात. अडकणे ह्या क्रियापदावरून अडकित्ता हा अर्थ मनाला फार पटतो. परंतु ‘-इत्ता’ हा प्रत्यय लावून क्रियापदावरून हत्याराचे नाव करण्याची रीत मराठीत नाही. कातरण्यावरून आपण ‘कातरित्ता’ करीत नाही, सोलण्यावरून ‘सोलित्ता’ करीत नाही. मग एकट्या अडकण्यालाच हा मान का मिळावा?

दुसरे उत्तर तर ह्याहूनही मोहक आहे. आपण गिरवितो तो ‘कित्ता’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ तुकडा, आणि त्याचा धातू तोडणे ह्या अर्थाचा. म्हणजे सुपारीचे तुकडे करणारा तो अडकित्ता, अशी साखळी एखादा पंडित सहज जुळवून देईल. अर्थ जुळला, आवाज जुळला. तरीही व्युत्पत्ती खोटीच. कारण ‘अड’ हे जे तोंड, त्याचा उलगडा तिने होत नाही, आणि अरबी शब्द नेमका ह्याच हत्याराला चिकटावा कसा हेही ती सांगू शकत नाही.

शब्दांचे नाते कसे ओळखावे, ह्याचा धडा ज्यांनी घालून दिला त्यांत रास्मुस रास्क हा डेन्मार्कचा पंडित अग्रगण्य होता. आपल्या उत्तरेकडील भाषांच्या मुळाविषयी त्याने १८१८ साली निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात सांगितले की, दोन शब्दांचे नुसते साम्य हा पुरावा नव्हे. ध्वनींचे फरक नियमाने होत असले पाहिजेत, आणि तोच नियम दुसऱ्या शब्दांतही दिसला पाहिजे. हा गृहस्थ पुढे रशिया व इराणमार्गे १८२० साली मुंबईस आला, मद्रास व सिंहलद्वीपापर्यंत हिंडला आणि पारशांच्या जुन्या पोथ्या घेऊन १८२३ साली कोपनहेगनला परतला. त्याच्या मायभाषेचा आपल्या अडकित्त्याशी एक धागा आहे. तो पुढे येईल. तूर्त त्याची कसोटी तेवढी हाती धरू.

त्या कसोटीने पाहावयाचे तर अडकित्त्याचे शेजारी पाहिले पाहिजेत. उत्तरेकडे गेलो तर हिंदीत ह्या हत्याराला ‘सरौता’ म्हणतात, गुजरातीत ‘सूडी’, बंगालीत ‘जांती’. आपल्या शब्दाशी ह्यांपैकी एकाचेही तोंड जुळत नाही. आता दक्षिणेकडे वळू. कानडीत ‘अडकत्तरी’. तेलुगूत ‘अडकत्तेर’. येथे कोणाचाही कान टवकारला जाईल. त्याखाली तमिळमध्ये ‘पाक्कुवेट्टी’. हा शब्द दिसावयास निराळा, परंतु किल्ली त्याच्याकडेच आहे. ‘पाक्कु’ म्हणजे सुपारी आणि ‘वेट्टु’ म्हणजे तोडणे. पाक्कुवेट्टी म्हणजे सुपारी-तोडणी. तेव्हा दक्षिणेत ह्या हत्याराचे नाव घडविण्याची रीत ठरलेली आहे : आधी सुपारीचे नाव, मग तोडण्याचे साधन. कानडीत सुपारीला ‘अडके’ किंवा ‘अडिके’ म्हणतात. मल्याळममध्ये ‘अडक्क’, जुन्या तमिळमध्ये ‘अडैक्काय्’. ‘काय्’ म्हणजे कच्चे फळ. दुधनीच्या बाजारात ‘तेंगिनकायी’ म्हणजे नारळ आणि ‘मेणसिनकायी’ म्हणजे मिरची हे शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतात. त्यांतली ‘कायी’ तीच. बिशप काल्डवेल ह्यांनी द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ साली प्रसिद्ध केले. ‘अडै’ म्हणजे दाटीने लागलेले आणि ‘काय्’ म्हणजे फळ, असा ह्या नावाचा अर्थ त्यांनी लावला. पोफळीचा लगडलेला घोस ज्याने पाहिला असेल त्याला तो पटावा.

म्हणजे अडकित्त्यातली ‘अडकि’ अडकण्यातली नव्हे. ती सुपारीच आहे.

ह्याला आणखी एक पुरावा आहे, आणि मला तो सर्वांत बळकट वाटतो. मराठीत सुपारीला ‘अडकी’ असे कोणी म्हणत नाही. आपण ओल्या फळाला पोफळ म्हणतो. ते संस्कृत ‘पूगफल’ ह्याचे घरगुती रूप. वाळलेल्याला सुपारी म्हणतो. तेलुगूतही सुपारीला ‘वक्क’ किंवा ‘पोक’ म्हणतात. तरीही दोन्ही भाषांत हत्याराचे नाव मात्र ‘अडक’ने सुरू होते. घरात ज्या नावाचा माणूस नाही त्या नावाची पाटी दारावर असावी, तसेच हे झाले. अशी पाटी दिसली की समजावे, घर कोणीतरी नावासकट आणले आहे. हत्यार आणि नाव दोन्ही एकदम आले. फळाला मात्र ज्याचे त्याचे नाव आधीपासून होतेच, म्हणून ते बदलले नाही.

येथे दुधनीकराला दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे. पुस्तकी कानडीत शेवटी ‘ए’ येतो तेथे उत्तर कर्नाटकाच्या बोलीत पुष्कळदा ‘ई’ ऐकू येते. ‘मने’ म्हणजे घर, इकडे ‘मनी’. त्याच नियमाने ‘अडके’ची ‘अडकी’ होते. मराठी शब्दात ‘अडक’ नसून ‘अडकि’ आहे. तेव्हा हा शब्द मराठीत आला तो दूर म्हैसुरातून ग्रंथांच्या वाटेने न येता ह्याच शिवेवरून, बैलगाडीच्या वाटेने आला असावा, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो मांडतो. परंतु रास्कच्या कसोटीला तो उतरतो, कारण ‘ए’चा ‘ई’ होणे हे एका शब्दापुरते नसून बोलीचा नियम आहे.

शेपटाविषयी मात्र दोन मते होऊ शकतात. कानडी ‘कत्तरी’ म्हणजे कातर. आणि ‘कत्ती’ म्हणजे सुरी, जी मराठीतही आहे. ‘अडकित्ता’ ह्याच्या शेवटी ‘र’ नाही, म्हणून मला कत्ती अधिक जवळची वाटते. शेवटच्या ‘ई’चा ‘आ’ झाला ह्यात नवल नाही. मराठीची ती सवयच आहे : विळी आणि विळा, सुरी आणि सुरा, कोयती आणि कोयता. हत्यार ठसठशीत दिसले की आपण त्याला पुल्लिंगी करतो. म्हणजे शब्द कानडीतून आला खरा, परंतु मराठीच्या घरात आल्यावर त्याने मराठी पागोटे बांधले.

आता तो राहिलेला धागा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहात असे. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो सांगतो की, मलबारात सामान्य लोक सुपारीला ‘पाक’ म्हणतात आणि नायर मंडळी ‘अरेका’ म्हणतात. पाक म्हणजे तमिळ पाक्कुच. आणि अरेका म्हणजे मल्याळम अडक्क. आपला ‘ड’ फिरंग्यांच्या जिभेवर ‘र’ होतो. साडीची इंग्रजीत ‘सारी’ झाली आणि गाडीची ‘घॅरी’, त्याच चालीने अडक्काचे अरेका झाले. पुढे लिनियसने १७५३ साली वनस्पतींची नावे ठरविताना हेच नाव उचलले आणि पोफळीची सारी जात शास्त्राच्या दप्तरात ‘अरेका’ ह्या नावाने दाखल झाली. आज इंग्रजीत तेच नाव आहे, आणि रास्कच्या डॅनिश भाषेतही पोफळीला ‘अरेका’च्या नावानेच ओळखतात. शहरांतील दिवाणखान्यांत ‘अरेका पाम’ म्हणून एक शोभेचे झाड कुंडीत ठेवतात. ते खऱ्या पोफळीचे दूरचे नातेवाईक. परंतु नाव तेच. त्या कुंडीला पाणी घालणाऱ्या बाईच्या आजीचा अडकित्ता माळ्यावर गंजत पडला असेल. दोन्ही नावे एकाच मुळाची, ही गोष्ट त्या घरात कोणाला ठाऊक असेल काय?

येथवर शब्दाची कुळकथा झाली. ह्यापुढे जे म्हणावयाचे आहे ते आपल्या वाङ्मयीन सवयींविषयी आहे.

मराठीत भाषाशुद्धीची परंपरा जुनी आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ह्या शतकाच्या मागील शतकात सावरकरांनी ती चळवळ नव्याने उभारली आणि माधव जूलियन ह्यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ह्या साऱ्यांचा रोख फारसी, अरबी आणि इंग्रजी शब्दांवर होता. कानडी शब्दांकडे त्यांची वाकडी नजर गेली नाही. ह्याचे कारण उदारपणा असे मला वाटत नाही. ते शब्द परके म्हणून कोणाच्या ध्यानातच आले नाहीत, इतके ते आत होते. वडील भावाला अण्णा म्हणावे, बहिणीला अक्का म्हणावे, भाकरीवर तूप घ्यावे, आणि मग परके शब्द हाकलण्यास निघावे! अण्णा, अक्का आणि तूप हे तिन्ही कानडीचे सोयरे आहेत. ज्या शब्दांनी आपण घरच्या माणसांना हाक मारतो त्यांना परके म्हणावयाचे झाले तर घर कोणाचे म्हणावे?

संस्कृताकडून प्रत्येक शब्दाचा जन्मदाखला मागण्याची खोड जुन्या पंडितांनाही मान्य नव्हती. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ रचली ती जे शब्द संस्कृतावरून साधता येत नाहीत त्यांच्यासाठीच. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति-कोश’ १९४६ साली आला. बरो आणि एमेनो ह्यांचा द्राविडी व्युत्पत्तीचा कोश १९६१ साली ऑक्सफर्डहून निघाला. म्हणजे साधने नाहीत अशी तक्रार करण्यास जागा नाही. तरीही आपल्या व्यासपीठांवरून अजून ‘मराठी ही संस्कृतची कन्या’ एवढेच वाक्य टाळ्या घेते. कन्या खरी, परंतु ती वाढली कोणाच्या अंगणात, कोणाच्या मुलांबरोबर खेळली, हे सांगितल्यावाचून तिचे चरित्र पुरे होत नाही.

उलट बाजूचाही एक अतिरेक आहे, आणि तोही सांगितला पाहिजे. मराठीच्या तळाशी सगळीकडे कानडीच आहे, असा सूर कधी कधी ऐकू येतो. धारवाडचे शं. बा. जोशी ह्यांनी मराठी संस्कृतीखाली कानडी थर पाहिला. त्यांची घरची भाषा मराठी आणि लेखन कानडीचे, म्हणून त्यांच्या शोधात वैर नव्हते, जिज्ञासा होती. परंतु त्यांच्यामागून बोलणाऱ्या पुष्कळांना जिज्ञासेपेक्षा दावा अधिक प्रिय असतो. त्यांना एवढेच सांगावे की, तुमच्या ‘अडकत्तरी’तली कत्तरी तरी कोठून आली? ती संस्कृत ‘कर्तरी’. आमची कातरही तिचीच मुलगी. म्हणजे कानडी शब्दाचे एक पाते द्राविडी आणि दुसरे संस्कृत. दोन पाती एकमेकांवर आल्यावाचून सुपारी कातरली जात नाही. ह्याहून अधिक स्पष्ट बोलणारा शब्द मला ठाऊक नाही.

कथा-कादंबऱ्यांत हा शब्द कसा येतो, हेही पाहण्याजोगे आहे. आपल्या जुन्या वळणाच्या कादंबरीत झोपाळ्यावर बसलेला एक वृद्ध गृहस्थ असतो. संवादात लेखकाला थांबावयाचे असले की तो अडकित्ता उचलतो, ‘कट्’ असा आवाज होतो, आणि मग गृहस्थ एखादे ठेवणीतले वाक्य बोलतो. हा अडकित्ता सुपारी कातरीत नाही. तो लेखकाची अडचण कातरतो. वस्तूला अशी रंगभूमीवरील पडद्याची नोकरी दिली की शब्द लवकर म्हातारा होतो. अडकित्त्याने खरोखर किती गोष्टी दाखविता आल्या असत्या! सुपारी कोण कातरतो आणि कोणासाठी कातरतो, ह्यात घराची सारी उतरंड आहे. दात गेले की माणूस अडकित्ता खाली ठेवतो आणि खलबत्ता जवळ ओढतो. म्हातारपण आले हे सांगावयास ह्याहून वेगळे वर्णन कशाला हवे? सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरले, असा अर्थ एके काळी होता. आज वर्तमानपत्रात ‘सुपारी दिली’ म्हणजे कोणाचा तरी खून ठरला. एकाच फळाच्या नावाने हा जो प्रवास केला त्यात एक अख्खी कादंबरी आहे.

दुसरी खोड ह्याहून वाईट. सीमेवरचे पात्र आले की त्याच्या तोंडी कानडी हेलाची मराठी घालावयाची आणि वाचकाला हसवावयाचे, ही आपल्या विनोदी वाङ्मयाची व नाटकांची जुनी सोय आहे. पु. ल. देशपांड्यांचे ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र मी ह्या आरोपातून वगळतो. तेथे बेळगावी बोलीने हसू येते, परंतु त्या बोलीत एक सबंध माणूस उभा राहतो आणि शेवटी हसू गळ्याशी दाटते. बाकीच्यांच्या हाती मात्र हेल उरतो, माणूस गळून पडतो. हसणाऱ्याने आपल्या घरात पाहावे. त्याच्या पानदानातच कानडी शब्द बसलेला आहे, आणि तो शुद्ध पुणेरी उच्चाराने त्याला ‘आमच्या आजोबांचा अडकित्ता’ म्हणून मिरवीत आहे!

सोलापूर जिल्ह्याला ह्या बाबतीत उपदेशाची गरज नसावी. भीमा आणि सीना ह्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तेथे शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, लेख आहे आणि मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. ‘कूडल’ हा शब्द मात्र कानडी. त्याचा अर्थ संगम. मराठीचा इतका जुना लेख कानडी नावाच्या गावी सापडावा, ह्यात विसंगती वाटते ती आपल्याला. लेख कोरविणाऱ्याला वाटली नसावी. कानडीचे महाकवी द. रा. बेंद्रे ह्यांची मातृभाषा मराठी. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कानडी शिकवीत होते. १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ मिळाले ते कानडीतील काव्यासाठी, आणि तरी मराठीतही ते लिहीतच होते. दोन भाषा एका माणसात भांडल्यावाचून राहू शकतात, ह्याला पुरावा म्हणून बेंद्रे पुरेसे आहेत.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने लिहितो ह्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या शिवेपलीकडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात अक्कलकोटचा सबंध तालुका म्हैसूरला द्यावा अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, आणि शिफारस कागदावरच राहिली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या अखेरीस वाद पुन्हा तापला आणि अक्कलकोटचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर आले. अशा वेळी दोन्हीकडून शब्द पुरावे म्हणून उभे केले जातात. हा शब्द आमचा, म्हणून हे गाव आमचे! बेळगावात किंवा इतरत्र ज्यांना आपल्या भाषेत शाळा हवी, कागदपत्र हवे, त्यांची मागणी न्यायाची आहे आणि ती माणसांच्या हक्काची आहे. तिला शब्दांच्या व्युत्पत्तीचा टेकू लागत नाही. शब्दांना सातबारा नसतो. तसे असते तर अडकित्त्यासाठी पुणे कर्नाटकात घालावे लागेल, आणि कातरीसाठी धारवाड महाराष्ट्रात आणावे लागेल.

माझ्या वर्गात घरी कानडी बोलणारी मुले आहेत. मराठीच्या तासाला ती थोडी दबून बसतात. आपली भाषा घरी ठेवून यावयाची असते, असे त्यांना कोणी न सांगताच कळलेले असते. अडकित्त्याच्या त्या तासाला मी फळ्यावर ‘अडकी’ एवढाच शब्द लिहिला आणि ह्याचा अर्थ कोणाला येतो असे विचारले. मागच्या बाकावरून एक मुलगा, जो कधी हात वर करीत नसे, हळूच म्हणाला, “सुपारी, सर.” मराठी शब्दाचे कुलूप त्याच्या आईच्या भाषेच्या किल्लीने उघडले, आणि ते साऱ्या वर्गाने पाहिले. पुस्तकातले ज्ञान त्याच्या पदरात मी टाकतो. त्या दिवशी त्याने वर्गाच्या पदरात टाकले. भाषाविषयक धोरणांवर मी फारसे वाचलेले नाही, परंतु धोरण असलेच तर ते ह्या प्रसंगाला जागा देणारे असावे.

जुन्या शब्दाचे गोडवे गाताना एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. सुपारी ही निरुपद्रवी वस्तू नाही. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधनसंस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी पुडीने अडकित्त्याची जागा घेतली ती घेतलीच. पूर्वी सुपारी कातरावयास निदान वेळ लागे, सोबत माणूस लागे. पुडीला दोन्ही लागत नाहीत. म्हणून अडकित्ता परत यावा असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात नक्षीचे, प्राण्यापक्ष्यांच्या आकारांचे अडकित्ते जपून ठेवले आहेत. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी ते जमविले. कवीलाच हे सुचावे! हत्याराने तेथे काचेमागे सुखाने राहावे.

शब्दाला मात्र काचेमागे ठेवता येत नाही. तो वापरातच जगतो, आणि त्याला अद्याप काम आहे. दोन्हीकडून कोंडी झालेल्या माणसाला आपण ‘अडकित्त्यात सापडला’ म्हणतो. तेलुगूतही हीच म्हण आहे : अडकत्तेरात सापडलेले सुपारीचे खांड. दोन भाषांनी एकाच हत्याराकडे पाहून एकच गोष्ट म्हणावी, इतके हे शेजार जुने आहे. सीमेवरच्या माणसाची स्थिती ह्या म्हणीसारखीच, असे आमच्याविषयी पुष्कळदा कळवळ्याने लिहिले जाते. त्या कळवळ्याबद्दल आभार मानूनही मला ते पटत नाही. दोन पात्यांच्या मध्ये सापडतो तो ज्याला एकच भाषा येते तो. ज्याला दोन्ही येतात त्याच्या मुठीत दांड्या असतात.

मराठीच्या अभ्यासकांनी, आणि त्याहूनही मराठी लेखकांनी, कानडीची निदान तोंडओळख करून घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. संस्कृत येत नसल्याची आपल्याकडे लाज वाटते. शेजारणीची भाषा येत नसल्याची कोणालाच वाटत नाही. ती वाटू लागली की आपले शब्दकोश सुधारतील, आपल्या कादंबऱ्यांतील सीमेवरची माणसे माणसासारखी बोलू लागतील, आणि मागच्या बाकावरचा मुलगा पुढच्या वेळी हात वर करून उत्तर देईल.